न्हाणीच्या चुलीवरचा तंबाखू

जेवून उठताना कुणी "बरं झालं होतं" असं म्हणालं की मला अजून राग येतो. बरं म्हणजे काय? आंबट बरं, तिखट बरं, की पोट भरलं म्हणून बरं? माझी नातवंडं तर मुद्दाम "आजी, बरं होतं हं" म्हणून पळ काढतात. या रागाचं मूळ माझ्या सासऱ्यांच्या पाइपात आहे. त्यांनी मला जे जे दिलं त्यात हा रागही आला, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मी पिंगुळीच्या बाजूची, शेतकऱ्याच्या घरातली. भात, काजू, परसातले चार आंबे एवढं आमचं जग. लग्न होऊन मालवणात आले ती घाईघाईत, कारण सासूबाई गेल्या होत्या आणि वर्षाच्या आत कार्य उरकायचं होतं. घरात माणसं मोजकी. माझे यजमान हायस्कुलात शिक्षक, त्यांची विधवा आत्या घरची कारभारीण, आणि सासरे, ज्यांना मी मागे मामंजी म्हणत असे आणि तोंडावर सगळ्यांसारखं बाबा. मामंजींची सगळी हयात इंग्रज कंपनीच्या बोटींवर गेली होती. शेवटी शेवटी ते कप्तानाच्या टेबलाचे मुख्य बटलर होते. निवृत्त होऊन घरी आले, बायकोबरोबर थोडी वर्षं सुखाने काढली, तेवढ्यात ती गेली.

त्यानंतर काही महिने ते नुसते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे म्हणे. पुढ्यात ताट आलं की जेवायचे, नाही आलं तर विचारायचे नाहीत. मी आले तेव्हा कुठे संध्याकाळी बाहेर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येऊन बाकावर बसायला लागले होते, आणि तेही पाइप ओढण्यासाठी. आत्याने मला दुसऱ्याच दिवशी चुलीपाशी बजावलं, "जवसर डब्यात तंबाकू आसा, तवसर तो भायर बसतलो. संपलो काय परत भिंतीकडे तोंड. ध्यानात ठेव." नव्या नवरीला घरची गुपितं सांगतात तसं तिने हे सांगितलं. मी मान हलवली.

मान हलवणं हेच माझं त्या घरातलं बोलणं होतं. आत्या मीठ मसाल्यात चुका काढायची, यजमान माझ्या भाषेत. "माका नाही, मला म्हणावं," असं ते अगदी गोडीत सांगायचे, पण गोडीत सांगितलेली चूकही चूकच असते. मग मी मूग गिळून बसायला शिकले. शेजारणी मला मुकी समजत, आणि आत्या त्यांची समजूत काढायच्या भानगडीत पडली नाही.

एका संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावून परत फिरत होते. मामंजींनी नुकताच पाइप पेटवला होता. ते एकदम म्हणाले, "गो बाय, ह्या धुराचो वास कसो येता?"

मी घाबरून म्हटलं, "बरो येता."

"बरो? बरो ह्यो काय वास आसा? तुज्या नाकाक काय गावला ता सांग."

पळायला जागा नव्हती. मी वास घेतला आणि जे मनात आलं ते बोलून गेले, "माजी आय मिशरी भाजता तसो. पन मिशरी करपली आणि तेच्यावर कोणी गूळ टाकलो, तसो."

आत आत्याने कपाळाला हात लावला असणार. आमच्या भागात बायका तव्यावर तंबाखू भाजून त्याची पूड दाताला लावतात, ती मिशरी. कप्तानाच्या टेबलावरच्या तंबाखूला सुनेने मिशरी म्हणावं! मामंजींनी पाइप तोंडातून काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. यजमान हातातला वह्यांचा गठ्ठा टाकून दारात आले. वडिलांचं हसणं त्यांनी त्या वर्षात ऐकलंच नव्हतं.

त्या दिवसापासून तो नेमच झाला. दिवा लावायचा, खांबाला टेकून उभं राहायचं आणि वास सांगायचा. आधी मी एका शब्दात सुटका करून घेत असे. मामंजी सोडत नसत. "धुरकट" म्हटलं की विचारायचे, "कसलो धूर? लाकडाचो की सुक्या पानांच्या पातेऱ्याचो?" "गोड" म्हटलं की, "गुळासारखो की पिकल्या फणसासारखो?" मला आधी वाटायचं, म्हातारा माझी परीक्षा बघतोय. मग हळूहळू मला त्यात गोडी लागली. दुपारी भांडी घासताना मी मनात शब्द जमवून ठेवायला लागले.

डबा गोल होता, झाकणावर शिडाचं जहाज. आत कागदाखाली तंबाखू, बारीक फितींसारखा कापलेला. मामंजींनी एकदा तो केळीच्या पानावर पसरून मला दाखवला. त्यात तीन जातीची पानं होती. पिवळं पान गोडव्यासाठी. तुर्कांच्या मुलखातलं बारीक, मातकट पान, त्याला थोडा आंबूस वास. आणि तिसरं काळंकुट्ट, लटाकिया नावाचं. सगळा धूर त्याचा.

"ह्यो जळलेलो मा?" मी विचारलं.

"जळलेलो न्हय. धुरी दिलेलो. आग खाली, पान वर टांगलेला. म्हयन्यान म्हयने धूर खाता ता."

हे ऐकून मला हसू आलं. आमच्याकडे पावसाळ्यात चुलीवर टांगलेल्या फळीवर अख्खं घर धूर खात असतं. बियाणं, आमसुलं, सुके मासे, सगळं. साहेबांनी आमच्या स्वयंपाकघरातून विद्या उचलली की काय!

पाइप भरण्याचीही रीत होती. चिमटीत दाबून सोडला की तंबाखू हळूच फुलला पाहिजे. कोरडा असेल तर जीभ भाजते, ओला असेल तर विझतो. तळाला सैल भरायचा, वर थोडा दाबून. पहिली काडी लावली की वरचे धागे उठून बसतात, ते बोटाने दाबून मग दुसरी काडी. खरा वास त्यानंतर. सुरुवातीला नुसता धूर, म्हणजे शेतात पेरणीआधी कवळं, म्हणजे सुक्या डहाळ्यांच्या मोळ्या, भाजतात तसा. पाइप अर्ध्यावर आला की आतून गोडवा निघायचा, गरम काजूबीचा. तळाशी कडवट आणि ओलसर. मग मामंजी माडाचा हीर, म्हणजे झावळीची बारीक काडी, घालून नळी साफ करायचे. पण मला सगळ्यात आवडायचा तो सकाळचा वास. केर काढताना त्यांच्या खुंटीवरच्या कोटाशी गेलं की रात्रभर थंड झालेला धूर लागायचा, जुन्या लाकडी पेटीसारखा. मी तोही सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हां. तोच."

एक गोष्ट मला तेव्हा खटकायला हवी होती. स्वतःला वास कसा येतो हे त्यांनी कधीच सांगितलं नाही.

डबे यायचे गोव्याहून. मामंजींच्या बरोबर बोटीवर काम केलेला एक म्हातारा पणजीला होता, तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवायचा. गोव्यात राज्य पोर्तुगीजांचं, त्यामुळे तिथल्या दुकानांत काय वाट्टेल ते मिळे. मग सरहद्दीवर नाकेबंदी झाली. माणूस सोडा, नारळ पलीकडून येईना, तिथे तंबाखू कुठला. आमच्या घरी दीड डबा उरला होता.

मामंजी पाइप अर्धाच भरायला लागले. मग एक दिवसाआड. ज्या दिवशी पाइप नाही त्या दिवशी बाहेर बसणं नाही, माझ्याशी बोलणं नाही. एकदा मी दिवा लावून आत आले तर ते खोलीत पडले होते आणि तोंड भिंतीकडे होतं. आत्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला रडू फुटलं. मला त्या माणसाचं दुःख होतंच, पण स्वतःचंही होतं. घरात माझं ऐकणारं एकच माणूस होतं आणि ते डब्याच्या तळाशी चाललं होतं. मी तेव्हाच ठरवलं, हा तंबाखू आपण करायचा.

माहेरून वडिलांनी आंबोलीच्या घाटाने उतरणाऱ्या मालातली चांगली पिवळी पानं मिळवून दिली. ते स्वतः तंबाखूचं पान चुन्याबरोबर खायचे, त्यामुळे त्यांना पारख होती. थोडी पानं मी गुळाच्या पाण्याचा हात लावून दाबून ठेवली. बाकीची धुरी द्यायची. पावसाळ्याचे दिवस. धुरी द्यायला जागा कुठली? चुलीवरची फळी. दुसरा विचार मनात आलाही नाही. आमच्याकडे कोरडं राहायला हवं ते सगळं तिथेच जातं. मी पानं दोरीत ओवून फळीखाली टांगली आणि खाली नारळाची सोडणं जाळत राहिले. महिन्याभरात पानं अशी काळी तुळतुळीत झाली की मी स्वतःवरच खूश. फळीवर सुके बांगडे होते, उबेने त्यांचं तेल सुटत होतं आणि थेट माझ्या पानांवर उतरत होतं, हे काही लक्षात आलं नाही. स्वयंपाकघरात उभं राहून ते कळणार तरी कसं? तिथे वर्षभर तोच वास.

पावसाने उघडीप दिली तशी मी पानं बारीक कापून, गूळ लावलेल्या पानांत मिसळून, केळीच्या पानावरून मामंजींच्या पुढे नेली. ते उठून बसले. खळ्यात आले. पाइप भरला, पहिली काडी, दुसरी काडी.

आत्या पदर नाकाला लावून धावत आली. "कोणी सुक्या माशाक आग लावली गो?" यजमान खिडकी लावून घेऊ लागले. शेजारचं मांजर कुंपणावरून उडी मारून आलं आणि मामंजींच्या पायाशी बसून आशेने वर पाहू लागलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि मामंजी शांतपणे झुरके घेत होते. म्हणाले, "बरो आसा. बरो जमलो."

मला वाटलं, माझं मन राखतायत. पण दुसऱ्याच क्षणी तो शब्द कानात बसला. बरो! ज्या माणसाने मला वर्षभर "बरो" म्हणू दिलं नव्हतं, तो माणूस बांगड्याच्या धुराला "बरो" म्हणत होता.

मी म्हटलं, "बाबांनू, बरो म्हंजे कसो?"

आत्या आत जाईपर्यंत ते झुरके घेत राहिले. मग पाइप बाकावर ठेवून म्हणाले, "बाये, माका वास येणा नाय. बोटीर बर्फाच्या कोठयेत अमोनियाची नळी फुटली, मी भितर होतंय. तेच्या मागसून फूल काय नि गटार काय, सगळा एकच. थोडे दिवस डोळ्यांनी बघून काम केलंय, मगे नोकरी सोडून घराक इलंय. घराक इल्यार तुजी सासू रोज सांगत रवायची. आज ह्यो वास, आज तो. ती सांगायची तसो माका आठवायचो. ती गेली आणि माजा नाक परत एकदा गेला."

मी खाली पायरीवर बसले. म्हणजे रोज संध्याकाळी हा माणूस माझी परीक्षा बघत नव्हता. माझ्या नाकाने तो पाइप ओढत होता. घरात ज्या मुलीच्या मीठ मसाल्यावर कुणाचा विश्वास नव्हता, तिच्या शब्दावर तो आपला बोटीवरचा सगळा जन्म आठवत होता.

"झिलाक सांगू नको," ते मुलाबद्दल म्हणाले. "बटलराक वास येणा नाय म्हटल्यार लोक हसतले." मग मांजराकडे बघून त्यांनी विचारलं, "आता सांग. ह्यो कसो आसा?"

मी खरं ते सांगितलं. बांगडा, वर गूळ, खाली सोडणाचा धूर. ते इतके हसले की ठसका लागला.

यजमानांना मी कधीच सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण हसणारं त्या काळातलं कुणी उरलेलं नाही.

पुढच्या वेळी मी पानं न्हाणीच्या चुलीवर टांगली. तिथे मासळी नाही, फक्त आंघोळीचं पाणी तापतं. सोडणांबरोबर काजूची सुकी फांदी आणि फणसाची ढलपी घालत गेले. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीला धुराचा वास यायला लागला. यजमानांना वर्गातल्या मुलांनी विचारलं, गुरुजी, तुमच्याकडे होम असतो का रोज? त्यांनी घरी येऊन मला ते शुद्ध मराठीत सांगितलं. मी म्हटलं, "माका काय ठावक नाय." त्या दिवसापासून त्यांनी माझी भाषा सुधारायचं सोडलं.

हा तंबाखू जमला असं नाही म्हणणार. पहिला झुरका काजूच्या फांदीमुळे तिखट, नाकात झोंबणारा. मध्ये फणसाचं लाकूड आपला मऊपणा दाखवायचं. आंबूस पान नव्हतंच, ती जागा रिकामी होती; मी एकदा आमसुलाचं पाणी शिंपडून पाहिलं आणि आठवडाभर पश्चात्ताप केला. हे सगळं मी मामंजींना रोज सांगायचे, आणि ते बटलरच्या थाटात सुधारणा सुचवायचे. काजू कमी कर. पानं आणखी आठ दिवस दाबून ठेव. पावसाळ्यागणिक नवा घाणा, आणि रोज नवी चर्चा. आता खांबाला टेकून उभी राहत नव्हते, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसत होते. मला मुकी समजणाऱ्या शेजारणींना आता आत्याच सांगायची, "हिचा तोंड एकदा सुटला काय बंद होणा नाय." भिंतीकडे तोंड करून मी मामंजींना पुन्हा पाहिलं नाही.

मग गोवा सुटला. माणसं नुसती बघायला म्हणून पणजीला जायला लागली. यजमानही गेले, आणि येताना पिशवीतून त्यांनी तो डबा काढला. तोच गोल, तेच शिडाचं जहाज. त्यांना वाटलं होतं, मी आनंदाने उडी मारीन. खरं सांगते, मला धसका बसला. अस्सल इंग्रजी माल घरात आला, आता माझ्या न्हाणीतल्या धुराला कोण विचारतो? आणि माझ्या बडबडीला?

संध्याकाळी मामंजींनी नाण्याने झाकण उचकटलं आणि डबा स्वतःच्या नाकाशी नेण्याचं नाटक न करता सरळ माझ्यापुढे धरला. "पयलो वास तुजो."

मी डोळे मिटून वास घेतला. तोच होता. जुनी लाकडी पेटी, भाजलेली कवळं, मातकट आंबूसपणा, आणि खाली कुठेतरी गूळ. लग्नाचं पहिलं वर्ष जसंच्या तसं समोर आलं. मी सगळं सांगितलं, काहीही हातचं न राखता. आणि शेवटी हेही सांगितलं, "बाबांनू, माजो तंबाकू ह्येच्या जवळपासय नाय."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग झाकण लावलं, दाबून, आणि डबा बाजूला सारला. पाइप माझ्याकडे देत म्हणाले, "तुजो भर."

"कित्याक? ह्यो इतको बरो इलो हा—"

"बरो म्हणू नको," ते म्हणाले. "ह्यो माका तोंडपाठ आसा. कितीय वर्सां ओढलंय, तेव्हा नाक होता. तुजो मी कधी हुंगूक नाय. तो फक्त तुज्याच तोंडान माका कळता. भर, आणि सांग."

मी आतून माझी कापडाची पिशवी आणली. तळाला सैल, वर थोडा दाबून पाइप भरला, आणि त्यांनी दुसरी काडी लावल्यावर सांगायला सुरुवात केली.